एका पायातलं पैंजण

धुळे, शनिवार, २० जानेवारी १९३४

दवाखान्यातून आले, हातपाय धुतले, तरी कानात तेच घुंगरू.

शिरपूरच्या भागाबाईच्या मुलीचं हाड सडलंय. पाय काढला नाही तर पोर जाईल, असं सांगून डॉक्टरसाहेब "लवकर ठरवा" म्हणाले आणि निघूनही गेले. लवकर! भाजी घ्यायचीय का? पोरीचा बाप भिंतीकडे तोंड करून बसला. भागाबाईनं माझा पदर धरला. "अक्का, तुनी पोर ऱ्हाती तं तू काय करती?"

नर्सनं असं सांगायचं नसतं. मी नुसती तिच्याजवळ टेकले. चुकलं का माझं?

शेजारच्या जिनिंग कारखान्यातला कापूस खिडकीतून तरंगत येत होता, पोरीच्या केसांवर उतरत होता. भागाबाई तो वेचत राहिली. मग तिनं दुखऱ्या पायातलं पैंजण काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. ओढावंही लागलं नाही, इतका पाय वाळलेला. डॉक्टरांना होकार कळवण्याआधी मी दुसऱ्या पैंजणाला हात लावला, तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. चालतांना वाजी."

उद्या सकाळी पाय काढतील. आत्ता डोळे मिटले की ती पोर अंगणातून येताना दिसते. आधी काठी, मग घुंगरू. काठी, घुंगरू.