पोरं कुठं उठली

४ जाने., पुणे
प्रकाशनाच्या संपादक बाईंनी पुस्तकांच्या गोडाऊनमधून वर बोलावलं. वाटलं, पार्सलं चुकली. पण टेबलावर मी वाचलेल्या गोष्टींचे कागद होते. दिवाळीपासून पार्सलं बांधून झाली की बाई मला छापायच्या आधीच्या गोष्टी देतात. कंटाळा येईल तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. मला एका जागी बसवत नाही हे त्यांनी हेरलेलं.
म्हणाल्या, "तू जिथे उठतोस ना, तिथे गोष्टीत खरंच काहीतरी बिघडलेलं असतं."
याच उठण्यापायी शाळेत छड्या खाल्ल्या, आठवीत शाळा सुटली.
आता सणाला घरी चाललो तर एका मोठ्या लेखक सरांची नवी गोष्ट सोबत दिली. अस्वलाची, ४० पानं. गावातल्या पोरांना वाचून दाखवायची, कोणत्या पानावर पोरं उठतात ते लिहून आणायचं. नीट केलं तर जूनपासून वर, बाईंच्या हाताखाली शिकाऊ. अट एकच, बाहेरून दहावीचा फॉर्म भरलाय तो अभ्यास सोडायचा नाही.
खाली आलो अन् तीन पार्सलांवर एकच पत्ता चिकटवला. परत काढत बसलो.

११ जाने., तामसी
नांदेडच्या पुढं बसायला जागा भेटली. घरी काम समजावून सांगितलं. बाबा म्हणे, "वांगे तोडाले माणूस भेटून नाही राह्यला, अन् हा पोरं मोजाले आला." आईनं फक्त विचारलं, पोरं उठले तर काय होते? मी म्हणालो, तेच तर पाहायचंय.

१४ जाने., संक्रांत
ओसरी भरली. १९ पोरं. गाव सीमेपलीकडचं, म्हणून सगळी तेलुगू शाळेतली. मराठी वाचता येत नाही, पण बोलणं घरचंच, म्हणून कान देऊन ऐकतात. ४० पानं वाचली, घसा कोरडा.
एकही उठला नाही! जेवतानासुद्धा दोनदा उठणारा शेजारचा पिंट्या, तोसुद्धा नाही.
लगेच बाईंना मेसेज. त्यांचा उलट मेसेज, अरे वा, सरांना कळवते.
वावरात जाऊन एकटाच पळून आलो. बाबा पाहून राह्यले होते. पाहू दे.

१५ जाने.
सकाळी पिंट्या दारात. "दादा, आज बी लाडू हाय का?"
कसला लाडू, विचारलं. मग निघालं सगळं. काल आईनं पोरांना दारातच सांगितलं होतं, गोष्ट सरल्याबिगर तिळाचा लाडू नाही, मधात उठला त्याले तर नाहीच. पिंट्याला विचारलं, अस्वलाचं पुढं काय झालं? माहीत नाही. ताटात किती लाडू होते ते मात्र पाठ.
आईला म्हणालो, काऊन केलं असं?
"सणाचं घरी आलेलं लेकरू रिकाम्या हातानं धाडू का? अन् पोरं उठले असते तर तुले कामावरून काढलं असतं."
रागावणार कसं. हसायलाच आलं. मग मेसेज आठवला. सरांना कळवून झालं असेल.

१६ जाने.
गप्प राहिलो तर जून पक्का. कोणाला कळणार आहे.
पण पुस्तक उद्या कुठल्यातरी पोरासमोर उघडंल, तिथं आई लाडू घेऊन उभी नसंल.
नार्नूरला जातो. बाजाराच्या दिवशी मामा तिथं भांड्यांचं दुकान लावतो. तिथली पोरं मला ओळखत नाहीत, म्हणजे कोणी माझी भीड धरणार नाही.

१८ जाने., नार्नूर
घमेलं पालथं घालून बसलो. मामा ओरडत होता, "भांडे घ्या, गोष्ट फुकट." आधी सहा पोरं, मग अकरा. अस्वल मध चोरून पळतं तोवर पोरांच्या माना हलल्या नाहीत. पा. ९ ला अस्वल सुधारतं अन् जंगलाला स्वच्छता शिकवतं. एक पोरगा जिलेबीकडं गेला. मग दोघं. पा. १२ ला एकच उरला, तो झोपलेला.
पळी घ्यायला आलेली एक म्हातारी उभी राहून ऐकत होती. म्हणे, "चोर होतं तवर बरं होतं. मास्तर कायले झालं?"
दुपारून दुसऱ्या पोरांना वाचलं. पा. ९. चार वाजता तिसऱ्यांदा. पा. ९!
मला नाचावंसं वाटलं. मामा म्हणे, "भाच्या, गिऱ्हाईक पळालं अन् तू हसून काऊन राह्यला?" 

१९ जाने., तामसी
बाईंना फोन. लाडवासकट सगळं सांगितलं. आधी खूप हसल्या. मग म्हणाल्या, सर चिडतील, आणि मेसेज करायच्या आधी पोरांना दोन प्रश्न विचारायला हवे होतेस. खरं आहे. जूनचं त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.
म्हणाल्या, "पान नऊचं सरांना तूच सांग. उद्या अकराला ते फोन करतील."
मी? त्यांची चौदा पुस्तकं.

२० जाने.
अकराला दोन मिनिटं कमी असताना फोन आला. आवाज जड. सगळं सांगितलं, बाजार, जिलेबी, म्हातारी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मला वाच बरं, नऊपासून."
वाचलं.  नऊ, दहा. अकराव्या पानावर, अस्वल केर कुठं टाकावा ते सांगतं तिथं, सर म्हणाले, "थांब हं. जरा चहाचं बघून येतो."
फोन चालूच आहे. तिकडं कप वाजून राह्यले. दहा मिनिटं झाली.
पा. ११ वर रेघ मारली.