पहिल्याच थेंबाला निळं

१४ जानेवारी
परत निळं! पहिल्याच थेंबाला. तिसरी वाटी वाया.
खालच्या मजल्यावरची संचिता बीएस्सीला आहे, तिने शिकवलंय — भाताच्या पेजेत चमचाभर सरबत घालायचं, वरून औषधाच्या दुकानातलं आयोडीन, थेंब थेंब मोजत. क जीवनसत्त्व असेल तोवर रंग गायब. ते संपलं की निळं. म्हणजे जास्त थेंब, जास्त जीवनसत्त्व. "लॅब कशाला पाहिजे, येड्या!"
आईचं आवळ्याचं सरबत एक थेंब पचवत नाहीये.
हिरड्यांतून रक्त येतंय तिच्या. डॉक्टर म्हणाले, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या. ही म्हणते, "घरात आवळा उकळतोय आणि गोळ्या कसल्या!" दिवाळीपासून रोज तीन पेले. भाकरी नको, भाजी नको. वर उलट्या. उलटी झाली की अजून एक पेला!
काय करू? नुसतं सांगून ऐकणार नाही.

१५ जानेवारी
आयोडीन संपलं म्हणून निघालो — पोचलो उत्तनला. बोंबील वाळताना बघत बसलो. का, माहीत नाही.
आई: "कॉलेज सोडलंस, गॅरेज सोडलंस. निदान बाटली तरी आणायचीस!" बोलताना दात लाल.

१७ जानेवारी
आणलं. आधी गोळीच विरघळवली — सव्वीस थेंब! हात बरोबर आहे माझा. ताज्या आवळ्याचा रस — एकोणीस. सरबत — शून्य.
म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात मरतंय ते. कुठे?

१८ जानेवारी
संचिता वर आली. सरबताच्या पातेल्यात डोकं घातलं. तांब्याचं, आईच्या माहेरचं, दापोलीहून आलेलं.
"काकी, आतला कल्हईचा थर कुठेय?"
"कल्हईवाला फिरकतो का आता इथे? गेली कल्हई झिजून. आणि तांब्याचं तर चांगलंच की!"
"पाण्याला, काकी. आंबटाला नाही! तांबं जीवनसत्त्व मारतं, वर स्वतः उतरतं सरबतात. उलट्या त्यानेच होत असतील. डॉक्टरांना सांगा हे."
आईने मोरीत ओतलं सगळं. गोळी घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

१९ जानेवारी
कल्हई झिजली नव्हती. दिवाळीच्या साफसफाईत मीच काढली. आतलं पांढरट म्हणजे डाग वाटला — गॅरेजातला पॉलिश पेपर घेऊन दोन दिवस घासलं, लाल लख्ख होईपर्यंत. आईने अख्ख्या मजल्याला दाखवलं होतं, "बघा, पोराने एक काम धड केलं!"
काल मात्र माझ्याऐवजी कल्हईवाल्याचं नाव घेतलं तिने.