ढेकरावरचं बोलणं

बाबा, तुमचं स्वरयंत्र काढल्यानंतरच्या दिवसांबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. बोलणं इतकं कष्टाचं झालं होतं, की ते औषध-पाण्यातच संपायचं.

खडकीच्या कारखान्यात मशीनच्या घरघरीवरून हाका मारणारे तुम्ही. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर गळ्याला भोक राहिलं, त्यावर आईने शिवलेलं मलमलीचं फडकं. इस्पितळात बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, "हवा गिळा, ढेकर काढा आणि त्या ढेकरावर शब्द म्हणा." जेवताना कुणी ढेकर दिला तर डोळे वटारणारी आई स्वयंपाकघरात तुमच्यासमोर बसते. "द्या ना हो ढेकर. पाणी म्हणा, पाणी." टरकन कापड फाटावं तसं काहीतरी घशातून येतं. आई पदर तोंडाला लावते. तुम्हाला वाटतं, ती हसतेय. तुम्ही उठून जाता.

वर्षभराने छोटी वाक्यं जमू लागली, तेव्हा बाईंनीच तुम्हाला वॉर्डात बोलावलं. ज्यांचं हेच ऑपरेशन व्हायचंय त्यांना धीर द्यायला. मी सोबत होते. कसबा पेठेतला एक भांडीवाला, आवाज घोगरा झालेला, पण अजून स्वतःचा.

"घाबरू... नका. मी... बोलतो," तुम्ही म्हणालात.

तो बायकोकडे वळला. "असं बोलायचं? त्यापेक्षा मेलेला बरा."

आणि तो खरंच ऑपरेशन न करता घरी गेला. काही महिन्यांनी बाईंकडून तो वारल्याचं कळलं. त्या रात्री तुम्ही ताट बाजूला सारलंत. "माझं... ऐकून... गेला," एवढंच म्हणालात.

मला वाटलं, आता तुम्ही जाणार नाही. गेलात. पण धीर देणं सोडलंत. कॉटजवळ स्टूल ओढायचात आणि म्हणायचात, "आज... बोलून घ्या. घरच्यांशी. माझं... राहिलं." मग नुसते ऐकत बसायचात. कुणी बोलायचे, कुणी भिंतीकडे तोंड करायचे. आजार फुफ्फुसात उतरेपर्यंत तुम्ही जात राहिलात. शेवटी हवा गिळायचीही ताकद उरली नाही. तुम्ही ओठ हलवत होतात, मी वाकून बघत होते, आणि मला एक शब्दही कळला नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? पण एक सांगते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी इस्पितळातून घरी निघाले, तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, "रिक्षा कशाला? बस मिळेल अजून." शब्द लख्ख आठवतात. तो आवाज मात्र, बाबा, कितीही कान देऊन बसले तरी येत नाही.