भावोजींचा अमेरिकेतला फोन

नोव्हाय, मिशिगन
१ सप्टेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
संजीवचा शि. सा. न. वि. वि.

ई-मेल असली तरी मायना गाळायचा नाही, हा तुझा दंडक पाळतोय. इकडे लेबर डेची सुट्टी. रुपाली मंडळाच्या मोदकांत बुडाली आहे. नीनाला आरतीची झांज वाजवायला सांगितलं, तर तिने आधी इंग्रजीत विचारलं, ही मीटिंग किती वाजता?

तू फोनवर बरीच काळजीत वाटलीस. ऑक्टोबरअखेर ऑस्ट्रेलियातलं थ्री-जी बंद होणार, म्हणून भावोजींचा फोन बदलायचा म्हणतेस. अगं, पाच वर्षांपूर्वी त्यांच्या बायपासच्या वेळी आलो, तेव्हा मी तो इथून मुद्दाम आणला होता. तो फोर-जी फोन आहे. त्याला काही होत नाही. आमच्याकडे थ्री-जी दोन वर्षांपूर्वीच बंद झालं, कुणाचं काही अडलं नाही. शिवाय माझं कामच ते आहे. अपघात झाला की गाडीने आपणहून मदतीला फोन लावायचा, तो भाग आमची टीम बनवते. तेव्हा बातम्या थोड्या कमी वाच आणि मोदक कर. भावोजींनाही मी तसं कळवलं आहे.

तुझा,
संजीव

हॉर्शम, व्हिक्टोरिया
९ सप्टेंबर २०२४

चि. संजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

मोदक केले. हिमानीने दवाखान्यातून येऊन उभ्याउभ्या सहा खाल्ले. लेक डॉक्टर असली की आईने साखरेबद्दल बोलायचं नसतं.

आता तुझ्या फोर-जीबद्दल. इथल्या बातम्या मला आवडतात, कारण त्या घाबरवत नाहीत. काय बंद होणार, कधी, कुणाचं आणि आपण काय करायचं, एवढं सांगतात. त्यात लिहिलंय की काही फोन नेहमीचे कॉल फोर-जीवर करतात, पण ट्रिपल झीरो, म्हणजे इथला मदतीचा नंबर, लावला की गुपचूप थ्री-जीवर जातात. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये हे जास्त. असे फोन इथल्या कंपन्या नेटवर्कवरून काढूनच टाकणार आहेत.

मग मी तपासलं. एका ठरलेल्या नंबरवर तीनचा आकडा पाठवायचा, उलट उत्तर येतं. माझा फोन पास झाला. ह्यांचा नापास. ग्रंथालयात दर बुधवारी डोरीन नावाची बाई लोकांचे फोन तपासून देते. वय सत्त्याहत्तर, पण काय टापटीप! तिने मॉडेल नंबर यादीत शोधला आणि पेन्सिलने फुली मारली.

मी हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, संजीव म्हणतोय चालतो, तर चालतो. छत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं रे, पण घरात मिशिगनचं मत चालतं. रोज सकाळी एकटे नदीकाठी जातात. छातीत दुखलं तर जिभेखाली मारायचा स्प्रे एका खिशात आणि तुझा फोन दुसऱ्या. गेल्या आठवड्यात बाकावर वीस मिनिटं बसून राहिले होते. मला हे शेजारच्या प्रीताकडून कळलं.

एक विचारते. ट्रिपल झीरोला नुसतं तपासायला फोन करायचा नसतो. म्हणजे तो लागतो की नाही, हे माणसाला नेमकं गरजेच्या वेळीच कळणार. तुमच्या गाड्यांचं तुम्ही असंच ठेवता का?

माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. काय लिहायचं ते तू ठरव.

तुझी ताई
(रागावलेली आहे, पण आशीर्वाद खरे आहेत.)

नोव्हाय, मिशिगन
१४ सप्टेंबर २०२४

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून खोडलं. पहिल्यांदा तांत्रिक कारणं चार परिच्छेद झाली. नीनाने मागून वाचलं आणि म्हणाली, "डॅड, जस्ट से सॉरी."

तर भावोजी, माझं चुकलं. ताईचं बरोबर आहे. तुमचं मॉडेल मी स्वतः यादीत पाहिलं. मी न तपासता बोललो, कारण या विषयात मला कोणी विचारलं की तपासावंसं वाटत नाही. सोमवारी ताईचा शेवटचा प्रश्न मी ऑफिसात जसाच्या तसा मांडला. हे आम्ही रोज प्रयोगशाळेत तपासतो, पण तिच्याइतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं.

फोन बदला. मी इथून पाठवणार नाही. ताई सांगेल तो, तिथल्या दुकानातून घ्या. आणि दुखलं तर बाकावर बसून राहू नका.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तो ताईकडे वळवावा.

आपला,
संजीव

हॉर्शम
३ नोव्हेंबर २०२४

चि. संजीव यास,
प्रल्हादचे अनेक आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. हे लिहिणं भाग आहे.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी फोन घेतला. सुहासिनीने विचारलं, संजीवने लिहिलं नसतं तर बदलला असता का? मी खरं ते सांगितलं, नाही. दोन दिवस ती जेवण वाढत होती, बोलत नव्हती. तेव्हा मला कळलं की बायपासनंतर तुझा फोन मी जिवापाड जपला, आणि माझ्या जिवासाठी जी रोज वाचत बसली होती तिचं एक वाक्य मी जमेस धरलं नाही.

पुढच्या बुधवारपासून तिच्याबरोबर ग्रंथालयात जाऊ लागलो. लोक रांगेत बसायचे. ती प्रश्न विचारायची, मी मॉडेल नंबर लिहून घ्यायचो. डोरीन म्हणाली, अशी मदतनीस तिला पूर्वीच मिळायला हवी होती. सुहासिनी कुणाला घाबरवत नाही आणि कुणाला सोडतही नाही. सहा आठवड्यांत एकशे चाळीस फोन पाहिले, त्यातले एकोणीस नापास निघाले. थ्री-जी बंद होण्याआधीच्या शेवटच्या बुधवारी एक गव्हाचा शेतकरी आला. तिने त्याचा फोन नापास असल्याचं सांगितलं, तर तो उठून निघाला. म्हणे, त्याचा मुलगा टेक्ससमध्ये फ्रिस्कोला कॉम्प्युटरमध्ये आहे आणि त्याने फोन ठीक असल्याचं कळवलंय.

मी त्याला दारात गाठलं. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे. एवढंच म्हणालो, "मुलाला राहू दे. माझ्या बायकोला विचार."

तो परत येऊन बसला. सुहासिनीने मान वर केली नाही, पण तिच्या हातातली पेन्सिल थोडा वेळ थांबली होती.

सौ. रुपाली आणि चि. नीनाला आशीर्वाद.

प्रल्हाद