विकलेलं चढतं, घेतलेलं पडतं

४ जून, सकाळी १०.१०
आजपासून शिस्त. शेअर बाजारात लोक बुडतात ते स्ट्रॅटेजी नसल्यामुळे. माझी ठरली. व्हॅल्यू! चांगली कंपनी स्वस्तात घ्यायची आणि गप्प बसायचं. साबण कंपनीचे शेअर विकले (वर्षभर जागचे हलले नाहीत), पंप कंपनीचे घेतले.
बायकोला ३० ऑगस्टला शिलाईच्या दुकानाचं डिपॉझिट भरायचंय. तीन लाख. शिवणकामातून साठवलेले चार लाख तिनं गेल्या वर्षी वाढवायला दिले. दोन माझ्याकडे, दोन तिच्या भावाकडे. भावाकडे! त्याला बॅलन्स शीट सरळ धरलीय की उलटी तेही कळत नाही.

९ जून
मेहुण्याचा फोन. दाजी, काय विकलंत, काय घेतलंत? सगळं सविस्तर सांगितलं. शिकू दे बिचारा.

२१ जून
पंप अकरा टक्के खाली. साबण नऊ टक्के वर. त्याला आत्ताच काय धाड भरली? नियमाप्रमाणे दहा टक्के पडलं की विकायचं. पण पंप आता लाँग टर्म. लाँग टर्मला तो नियम नाही.

८ जुलै
लाँग टर्म संपली. पंप विकले. नवी स्ट्रॅटेजी मोमेंटम: जे पळतंय त्याच्यामागे पळायचं. केबल कंपनी घेतली. मेहुण्याला कळवलं. उपकार झाले म्हणाला. नम्र आहे.

१५ जुलै
केबल दमली. पंप सुसाट. ऑफिसातला कॅशियर म्हणतो, एफडी करा. या माणसाला आउटलुकच नाही.

२ ऑगस्ट, दुपारी ३.२०
ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन भाव बघितला. केबल तेवीस टक्के खाली. डोकं सणकलंय.
सकाळी बायकोनं विचारलं, पैसे किती झाले? म्हटलं, मार्केट कन्सॉलिडेट होतंय. म्हणजे कमी झाले का, म्हणाली. मी खेकसलो. उगाच खेकसलो. दहा वर्षं ती बेडरूमच्या कोपऱ्यात मशीन चालवतेय.

२९ ऑगस्ट
सगळं विकून एक लाख एकोणीस हजार. उद्या सांगायचंच. कसं, ते ठरलेलं नाही.

३० ऑगस्ट, संध्याकाळ
डिपॉझिट भरलं. मेहुण्यानं. त्याच्याकडच्या दोनाचे तीन लाख दहा हजार झालेत. कसे, विचारलं. म्हणाला, दाजी, आपली एकच स्ट्रॅटेजी. तुम्ही विकलंत की मी घेतो, तुम्ही घेतलंत की मी तिकडे फिरकत नाही.
बायको चिडली नाही. भावाला स्पीकरवर घेतलं, मापांची वही उघडली आणि मला विचारलं, उरलेल्या पैशांचं तुम्ही काय करायचं म्हणताय? सांगितलं. ती लिहून घेत होती. लग्नाला सोळा वर्षं झाली, माझं बोलणं तिनं इतकं मन लावून कधीच ऐकलं नव्हतं.