भादव्यात घेतलेला फ्लॅट

९ मे
भाडेकरू गेले. दोघं नवराबायको सिन्नरच्या कारखान्यात कामाला, बस सोयीची म्हणून पाथर्डी फाट्याला माझ्या फ्लॅटमध्ये राहत होते. चावी देताना ती म्हणाली, "मावशी, तुमच्याबद्दल काही नाही. पण ड्यूटी करून यायचं नि टँकरपाशी बादल्या घेऊन उभं राहायचं, नाही जमत." बोअरचं पाणी होळीलाच आटलं.

१० मे
चूक माझी. पितृपक्षात कोणी घर घेत नाही, बिल्डर हातावर हात धरून बसलेला असतो, म्हणून गेल्या वर्षी मुद्दाम तेव्हाच गेले. भाव पाडला. जाऊबाई म्हणाल्या, पितर कोपतील. म्हटलं, माझ्या पितरांना घासाघीस आवडायची. वकिलाकडून कागद तपासले. नळ सोडून बघितला, धो धो. भादव्यात कोणाचा नळ धो धो नसतो? वडील सांगायचे, विहीर घ्यायची तर वैशाखात वाकून बघावी. सिन्नरच्या कोरड्या रानात वाढले मी, आणि इथे...

१४ मे
दत्तूचा फोन. पाठचा भाऊ. सिन्नरची जमीन विकली तेव्हा मी हक्कसोडीवर सही केली नाही, वाटा घेतला, त्यातून हा फ्लॅट. तेव्हापासून बोलणं बंद, भाऊबीज बंद. आज आवाजात साखर. "अक्के, तुला नाय झेपायचं ते. मीच घेतो, तू घेतला त्याच भावात. घरातलं घरात ऱ्हाईल." घरातलं म्हणे. बहिणींनी सही करावी, साडी घ्यावी आणि गप्प बसावं, एवढंच ह्यांना ठाऊक.
हे म्हणाले, "देऊन टाक. डोक्याचा ताप जाईल, भाऊही परत बोलेल." म्हणाले आणि झेंडूची रोपं बघायला मळ्यात गेले. मला राग आला, रडूही आलं. भाऊ मला हवाच आहे. पण फ्लॅट देऊन नको.

२२ मे
सोसायटीची मीटिंग. मी सांगितलं, गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात जातं, ते बोअरपाशी मुरवू. खड्डा काढू, खडी-वाळू भरू. चेअरमन म्हणाले, "ताई, हे काही शेत नाही. आणि जे ओनर इथे राहत नाहीत, त्यांनी फार बोलू नये." विषय पुढच्या मीटिंगवर. तोवर पावसाळा जाईल.

२३ मे
ठरलं. राहत नाहीत त्यांनी बोलू नये ना? मग मीच राहायला जाते. ह्यांना सांगितलं, मखमलाबादच्या आपल्या मळ्याहून असं कितीसं लांब आहे, दिवसा मळ्यात असेनच. "लोक काय म्हणतील?" म्हटलं, पितर कोपले म्हणतील.

३० मे
टँकरच्या रांगेत मीटिंगपेक्षा जास्त कामकाज होतं. चेअरमनच्या मिसेसही बादली घेऊन माझ्या मागे. खड्ड्याचं सगळं समजावलं. म्हणाल्या, "ह्यांनी आजवर एक बादली उचलली नाही, म्हणून ह्यांना घाई नाही." बाकीच्या बायका हसल्या नाहीत. सगळ्यांचं तेच.

४ जून
खड्डा मंजूर. चेअरमनच्या घरी काय झालं माहीत नाही. विचारलं नाही.

८ जून
खडी पडली. चेअरमन भर उन्हात छत्री घेऊन उभे, "इकडे टाका, तिकडे टाका." मी काही बोलले नाही. (बोलले. एकदाच.) चहा माझ्याकडे प्यायले.

१९ जुलै
दत्तू आला, बायकोला घेऊन. ती भिंतीला हात लावून कुठला रंग द्यायचा ते बघत होती. फ्लॅट घेतल्यासारखाच. चहा दिला आणि सांगितलं, विकायचा नाही.
"मग आपलं काय ऱ्हायलं, अक्के?"
"तू भाऊ राहिलास. मी बहीण."
"नाय. तू मालकीण झाली."
अर्धा चहा टाकून गेला. झाले तर झाले मालकीण. दुपारभर भांडी घासली, स्वच्छ होती तीच.

११ ऑगस्ट
पाऊस चांगला. बोअर भरलाय. सगळे मला येऊन सांगतात. मी हुरळत नाही आता, एकदा पोळलेय.

१६ सप्टें.
पुन्हा पितृपक्ष. एक जोडपं फ्लॅट बघायला आलं, भाड्याने. मुलगी हुशार, पितृपक्षात आली म्हणजे भाडं कमी करून मागणार. मागितलंच. मग नळ सोडला, धो धो, आणि खूश झाली.
मला सांगावंच लागलं. "हे भादव्याचं पाणी आहे. गेल्या उन्हाळ्यात टँकर होता. आता खड्डा केलाय, टिकेल असं वाटतं. पण खात्री वैशाखातच."
नवरा म्हणाला, "मावशी, असं कोण सांगतं?"
मी सांगते. मला कोणी सांगितलं नव्हतं.
दिला तरी दिवाळीनंतरच रिकामा करीन, तेही सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले. जातील बहुतेक दुसरीकडे. जाऊ देत. ते नाही आले तर उन्हाळ्यात मी आहेच इथे, नळासमोर बसून बघेन.
ह्यांना सांगितलं, भाऊबीज यंदा फ्लॅटवर. "येणार का तो?" दत्तूला दोनदा फोन लावला, उचलला नाही. उद्या परत लावीन. नाही उचलला तरी पाट मांडणार, ओवाळणीचं ताट करणार, दार उघडं ठेवणार. यायचं तर माझ्या घरी यायचं.
पाट मळ्यातल्या घरी आहे, रविवारी आणायचा.