उजवा खण

३ नोव्हेंबर, बोरी बुद्रुक
पोचले एकदाची! नारायणगावहून जीपमध्ये टोमॅटोच्या क्रेटांशेजारी बसून आले, बिबट्या हाकलायची पेटी मांडीवर. साळुबाईंनी भाड्याने दिलेली घरामागची खोली झकास आहे. खिडकी उघडली की थेट ऊस. तो त्यांच्या मुलाचा, रामदासचा. कंपनीची पहिली पेटी त्यातच बसायची आहे. बिबट्या माणसाच्या आवाजाला बिचकतो, म्हणून पेटी अधूनमधून माणसासारखी हटकणार. रात्री मासवडी. दोनदा वाढून घेतली. इथे मजेत दिवस जाणार.

४ नोव्हेंबर
पेटी सुरू झाली! आत दोन चिपा. कंट्रोलर आकडे पाठवतो, कोडेक त्यांचा आवाज करतो आणि माइकने ऐकलेलं पुन्हा आकडे करून परत पाठवतो. एकाच तारेवर डावा आणि उजवा आवाज आळीपाळीने, जसे शेजारी शेजारी दोन खण. आमच्याकडे माइक एकच, डावीकडे. उजवा खण रिकामा.
गावातलं कुणी आवाज द्यायला तयार नव्हतं, म्हणून माझाच भरला : “कोण हाय तिकडं?” इथल्यासारखं जमावं म्हणून सकाळभर घोकलं. उसातून तो ऐकताच साळुबाई पाण्याचा तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या.
“शिवारात असं इचारू नाय, नूतनबाई,” त्या म्हणाल्या. “इचारलं की कुनीतरी ‘ओ’ देतंय.”
मी हसले. त्या नाही.

५ नोव्हेंबर
दुकानात दूध मिळालं नाही. फ्रीजमध्ये पिशव्या दिसत होत्या, तरी दुकानदार संपलं म्हणाला. पारावर बसलेल्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. रामदास उसातून घामाघूम होऊन आला आणि पेटी काढा म्हणाला. मजूर आत शिरायला तयार नाहीत. बिबट्या दिसला का, असं विचारलं, तर म्हणाला, बिबट्याचं भ्या नाय आमाला. कंपनीच्या साहेबांना फोन केला. गावंढळ लोकांकडे लक्ष देऊ नका, पेटी हलवायची नाही, असा हुकूम.

६ नोव्हेंबर
पेटीच्या कार्डावर माइकने टिपलेलं आज दुपारी ऐकत बसले. डाव्या खणात वारा, पाखरं, लांबचा ट्रॅक्टर. उजव्यात निव्वळ शून्य असायला हवं.
माझा प्रश्न झाल्यावर उजव्या खणात कुणीतरी म्हणतं, “मी.”
हळू, जिभेला शब्दाची सवय नसल्यासारखं. प्रत्येक प्रश्नानंतर. डावीकडे त्याचा मागमूस नाही. म्हणजे माइकने हे ऐकलेलंच नाही. एखादा जोड सैल होऊन बाहेरचं काही झिरपत असेल, दुसरं काय! उद्या सोल्डरचे डाग तपासते.

७ नोव्हेंबर
डाग ठीक. दोन्ही चिपांना ताल देणारी घड्याळाची तार ठीक. माइकची वायर कापली. डावा खण मेला.
उजवा बोलतोय. आता फक्त “मी” नाही. “मी हाय. येते.”
साळुबाईंना सांगावंसं वाटलं. त्यांनी माझं ताट दाराबाहेर ठेवलं होतं, कुत्र्याला ठेवतात तसं.

८ नोव्हेंबर
कोडेक चिपच उपसून काढली. तिच्याकडून येणारी तार जमिनीला, म्हणजे शून्याला, जोडली. आता त्या तारेवर शून्याखेरीज काही येऊच शकत नाही. येऊच शकत नाही.
तरी आलं. स्वच्छ, माझ्या आवाजात.
“मी नूतन.”

९ नोव्हेंबर, सकाळ
रामदासने कोयत्याने पेटी फोडली. तुकडे माझ्या पायाशी फेकले. म्हणाला, निघा आता, पुन्हा तोंड दाखवू नका. बरं झालं. मलाही निघायचंच आहे.
पेटी फुटली आहे. तरी आता थेट उसातून ऐकू येतंय. “मी नूतन. मी नूतन.” जवळून.

दुपार
फाट्यावर उभी होते. जीप हळू झाली. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. थांबला नाही. मी वळून बघितलं नाही —
परत चाललेय. दुसरीकडे कुठे जाणार?

संध्याकाळ, साळुबाईंच्या ओट्यावर
दाराला आतून कडी. दार वाजवलं. साळुबाईंनी विचारलं, कोन हाय?
मी म्हटलं, मी. नूतन.
आतली भांडी थांबली.
“नूतन हितं माज्यापुढं जेवतीय,” त्या म्हणाल्या. “तू कोन?”

कोणीतरी हसलं आत. माझंच हसू. ताट दाराबाहेर नाही. तिला घरात बसवून वाढलंय —

माणसं येताहेत. काठ्या. रामदास पुढे. आतून ती सांगतेय, “रामदासदादा, तीच हाय ती. हाकलून द्या.” घोकलेलं नाही. इथलीच असल्यासारखं.

मी ओरडून सांगितलं, ही वही बघा. अक्षर माझं. तिला एक ओळ लिहायला सांगा, तिला लिहिता येणार नाही, तिला फक्त बोलता —
थांबले सगळे. विचार करताहेत. देवा —

आतून म्हणाली, लिहिते की. पेन द्या.

रामदास हात पुढे करतोय. दुसरं पेन नाही माझ्याकडे. नको — हे गेलं तर मी